आदर जमिनीवर

“हात ठेवा नुसता,” साहेब म्हणाले. “फिरवायचं काही नाही अजून.”

ताईंनी हात पुढे केला. काळं हँडल होतं, टोकाला झिजून चकाकणारं. त्याच्यापासून वीतभर अंतरावर तळहात थांबला आणि तिथून पुढे जाईना. हात स्वतःचाच, पण दुसऱ्या कुणाच्या हुकमतीत गेल्यासारखा. त्यांनी तो मागे घेतला, रुमालाला पुसला, पुन्हा पुढे केला. पुन्हा तिथेच.

“गरम आहे का?” साहेबांनी विचारलं.

“नाही.”

“मग?”

हँडलमध्ये मारणारी वीज नसते, हे ताईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. हँडल फक्त बाहेरच्या आवारातल्या मोठ्या ब्रेकरला निरोप देतं, जोड किंवा तोड. धोका असतो तो तारेच्या दुसऱ्या टोकाला, खांबावर, जिथे माणसं चढलेली असतात आणि जे या खोलीतून दिसत नाही. दिसत असतं तर घाबरायचं काय कारण होतं?

वीज उपकेंद्राची ती नियंत्रण खोली ताईंनी तरुणपणापासून पाहिली होती. भिंतीशी उभी करड्या रंगाची लोखंडी कपाटं, प्रत्येकावर एका लाइनचं हँडल, एक काटा आणि दोन दिवे. लाल म्हणजे चालू, हिरवा म्हणजे बंद. बाहेरचा माणूस नेहमी उलटं समजतो. बाहेरून ट्रान्सफॉर्मरची घरघर अखंड येत असते, आणि ती इतकी अखंड असते की ऐकू येणं बंद होतं. आज मात्र ताईंना ती ऐकू येत होती. नदीपलीकडच्या वस्तीच्या लाइनवर हिरवा दिवा होता. सकाळच्या पाळीच्या माणसाने ती दुरुस्तीसाठी बंद केली होती आणि जाताना ताईंकडे न बघता “येतो” म्हणाला होता.

साहेबांनी खुर्ची ओढली. साहेब वाईट नव्हते. कातावलेले होते.

“स्पष्ट बोलतो, ताई. दुपारी काम संपेल, फोन येईल, लाइन तुम्ही चालू करायची. जमलं तर खोली तुमची. नाही जमलं तर तुमचं टेबल कायमचं स्टोअरमध्ये आणि इथे नवीन माणूस. मला दोन्ही चालेल. पण एक पाय इकडे, एक तिकडे, हे नाही चालणार.”

“बरोबर आहे तुमचं,” ताई म्हणाल्या, आणि हात मांडीवर ठेवून बसल्या.

*

काही महिन्यांपूर्वी, त्या दिवशीही दुपारच होती. खांबावरचं काम आटोपलं होतं. काम चालू असताना तारा जमिनीला जोडून ठेवणाऱ्या साखळ्याही काढून झाल्या होत्या. टोळीचा मुकादम फोनवर म्हणाला होता, “झालंच आहे ताई, सांगतो लगेच.” ताई रिसीव्हर कानाला लावूनच उभ्या होत्या. तेवढ्यात उंट, म्हणजे टोळीतला सगळ्यांत लांब मानेचा वायरमन, “अरे, पक्कड वरच राहिली,” म्हणत पुन्हा खांबावर चढला. मुकादम घाईघाईने फोनमध्ये ओरडला,

“ताई, लाइन चालू करू नका!”

फोनमध्ये खरखर होती. तिकडे वारा होता. ताईंनी ऐकलं,

“ताई, लाइन चालू करून टाका!”

कुणालाही खोटं वाटेल. पण बोलून पाहावं. करू नका. करून टाका. मध्ये एक ‘ट’ आहे, आणि ‘ट’ हा मुळात आवाज नसतोच, जीभ टाळूला टेकून सुटते तेवढा क्षण असतो. खरखरीत तो क्षण हरवायला किंवा उगाच निर्माण व्हायला कितीसा वेळ लागतो? शिवाय कान जे ऐकायला बसलेला असतो, ते त्याला आधीच अर्धं ऐकू आलेलं असतं.

ताईंनी हँडल फिरवलं.

उंट मेला नाही. कमरेच्या पट्ट्याला लटकून राहिला. मुकादम सांगायचा की वरून आवाज आला नाही, फक्त पक्कड खाली पडली. उंटाच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं दवाखान्यात काढावी लागली.

पुढे चौकशी झाली. तीन अधिकारी या खोलीत बसले आणि मुकादमाला आवाराच्या टोकाला उभं करून तेच वाक्य फोनवर बोलायला लावलं. प्रत्येकाने काय ऐकू आलं ते कागदावर लिहायचं होतं. दोघांनी ‘टाका’ लिहिलं, एकाने ‘नका’. मग ज्याने ‘नका’ लिहिलं होतं तो चष्मा पुसत म्हणाला, “मला तो काय बोलणार ते माहीत होतं हो. नाहीतर मीही...” आणि वाक्य त्याने तसंच सोडून दिलं.

निर्णय झाला की दोष कुणा एकाचा नाही, वाक्याचा आहे. वाक्याला शिक्षा देता येत नाही. ताईंनी स्वतःच स्टोअर मागून घेतलं.

स्टोअरमध्ये तारांची वेटोळी होती, चिनी मातीचे इन्सुलेटर होते, नट-बोल्टांची पिंपं होती. तिथली एकही तार जिवंत नव्हती. ताईंना वाटलं होतं, इथे भीती उतरेल. उलट ती बसायला जागा मिळाल्यासारखी बसली. कुणी बोल्ट पाडला की त्यांना पक्कड पडलेली ऐकू यायची.

आणि ती भीती घरीही यायची. ताई आणि त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी, दोघीच घरात. मुलगी म्हणायची, “आई, दूध घेऊन येते.” ताई म्हणायच्या, “दूध घेऊन येतेस. बरोबर?” आणि तिने ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय वाटेतून हलायच्या नाहीत.

“घर आहे का कंट्रोल रूम?” मुलगी वैतागायची. “तुझ्याशी बोलायचं म्हणजे आधी परवाना काढायला हवा.”

‘नको’ हा शब्द तर ताईंनी घरातून हद्दपारच केला. ‘दार उघडू नको’ऐवजी ‘दार बंद राहू दे’. ‘जाऊ नको’ऐवजी ‘थांब’. त्यांचं म्हणणं एवढंच, की आपल्या भाषेत ‘नको’ शेवटी येतो. आधी जे करायचं नाही तेच सगळं बोलून होतं, आणि ते रोखणारा शब्द सगळ्यांत मागून धापा टाकत येतो. मधेच फोन तुटला तर?

“मग काय बोलायचंच नाही का कुणी?” मुलीने विचारलं होतं.

“बोलायचं. आधी थांब म्हणायचं.”

आणखी एक गोष्ट मुलीच्या लक्षात आली होती, पण तिने बराच काळ विचारली नव्हती. ताई डाव्या हाताची शेवटची दोन बोटं मिटून कामं करत. बटणं लावणं, केस विंचरणं, कपबशी धरणं. एकदा मुलीने हलकेच विचारलं, “आई, बोटं दुखतात का?”

“नाही गं. बघत होते, कसं जमतं ते.”

त्या रात्री मुलीने आईच्या वाटची भांडीही घासली.

*

एके दिवशी उंट स्टोअरच्या खिडकीत उभा राहिला. दवाखान्यातून सुटल्यावर ताईंनी त्याला लांबूनच पाहिलं होतं. दोनदा त्याच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन त्या परत आल्या होत्या.

“हातमोजे हवेत, ताई. तीन बोटांचे आहेत का?”

ताईंच्या हातातला गठ्ठा खाली पडला.

“हसा हो,” उंट म्हणाला. “घरीही कुणी हसत नाही. सगळे विनोद वाया चाललेत.”

“बसा ना,” ताई कशाबशा म्हणाल्या. “पाणी देऊ का तुम्हाला?”

“हे आधी बंद. पूर्वी ‘अरे उंटा, मान आत घे’ म्हणायचात. बोटं दोन गेली, वय नाही वाढलं माझं.”

तो आत येऊन पिंपावर बसला. हाताला अजून पट्टी होती. आता चढायची परवानगी नाही, त्याने सांगितलं, म्हणून मुकादमाची बदली झाल्यावर खाली उभं राहून फोनवर बोलायचं काम त्याला दिलंय. “आयुष्यभर वर होतो. खालून सगळं भलतंच भीतीदायक दिसतं.”

ताई जमिनीकडे बघत म्हणाल्या, “मी त्या खोलीत परत जाणार नाही. नवीन माणूस येईल. चांगला, तरुण.”

“तेच सांगायला आलोय. नवीन माणूस घाबरणार नाही. शिट्टी मारत हँडल फिरवेल. मला त्या टोकाला घाबरणारं माणूस हवंय.”

ताईंनी वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर आता चेष्टा नव्हती.

“पडल्या पडल्या मी खूप विचार केला,” तो म्हणाला. “दवाखान्यात दुसरं काम काय? मुकादम तुम्हाला ‘तू’ म्हणत असता तर काय झालं असतं? ‘चालू करू नको.’ ‘चालू करून टाक.’ बोलून बघा. होतो का घोटाळा?”

ताईंनी पुटपुटून पाहिलं. नको. टाक. एकाचा शेवट ओठ गोल करून, दुसऱ्याचा घशात आपटून. पुन्हा पुटपुटलं. घोटाळा होत नव्हता.

“म्हणजे माझी बोटं आदराने खाल्ली,” उंट म्हणाला. “म्हणून मी एक ठरवलंय. जोवर एक जरी माणूस वर आहे, तोवर मी तुम्हाला ‘तू’ म्हणणार. ‘ताई, थांब.’ ‘ताई, बंद ठेव.’ सगळे उतरले, साखळ्या निघाल्या, डोकी मोजून झाली, की मग ‘तुम्ही’. ‘तुम्ही’ ऐकल्याशिवाय हँडलला हात लावायचा नाही. आदर जमिनीवर.”

“आणि साहेबांसमोर तू मला अगं-तुगं करणार?”

“हां! आलात रुळावर. सख्ख्या बहिणीला कोण ‘तुम्ही’ म्हणतं?”

तो हातमोजे घेऊन गेला. पाचच बोटांचे. ताईंनी खिडकी लावली आणि नट-बोल्टांच्या पिंपांमध्ये उभ्या राहून तोंडाला रुमाल लावला. आतून जे येत होतं ते हसू होतं की दुसरं काही, हे त्यांना कळलं नाही.

*

आज दुपारी फोन वाजला. साहेबांनी बटण दाबलं, तसा आवाज खोलीभर पसरला. तरीही ताईंनी रिसीव्हर उचलून कानाला लावला. सवय.

“ताई.”

“ऐकते आहे.”

“इन्सुलेटर बसले. दोघं उतरतायत. तू थांब.”

“थांबते.”

साहेबांच्या भुवया वर गेल्या. “हा कुणाशी बोलतोय?”

“माझ्याशी,” ताई म्हणाल्या.

वारा आजही होता. फोनमध्ये तो कापड फाटल्यासारखा येत होता. ताईंच्या मानेवर घाम आला. उजवा हात त्यांनी पाठीमागे नेऊन मूठ करून ठेवला, चुकून पुढे जाऊ नये म्हणून.

“पहिला उतरला. दुसरा... पाय टेकला. उतरला. साखळ्या काढतोय, थांब.”

“थांबते.”

“साखळ्या काढल्या.”

“डोकी?”

“तीन. माझं धरून.”

“पक्कड?”

“पिशवीत. मी स्वतः बघितली.”

आता ‘तुम्ही’ यायला हवं होतं. ताई वाट पाहत राहिल्या. फोनमध्ये वारा होता, आणि वाऱ्याच्या आत कुणाचा तरी श्वास. काटा शून्यावर, हिरवा दिवा तसाच.

“झालं ना?” साहेब उठले. “साखळ्या काढल्या, डोकी मोजली, मीही ऐकलं. करा चालू.”

“तो अजून म्हणाला नाही.”

“अहो, काय म्हणायचं राहिलंय? तिकडे पंपघर बंद आहे, माझा फोन सारखा वाजतोय!”

“साहेब, थांबा.”

साहेबांना असं थांबा म्हणायची ताईंची ही पहिलीच वेळ होती. तोंडातून गेल्यावर त्यांना स्वतःलाच धक्का बसला. पण साहेब थांबले.

“ताई,” उंटाचा आवाज आला. बारीक, सुकलेला. “तोंडातून निघत नाहीये.”

“काय?”

“ते. तुला माहीत आहे. सगळे खाली आहेत, मला दिसतायत. पण मी परत वर बघतो. मग परत मोजतो. तीनच आहेत. मग वाटतं, आपण म्हणू आणि तेवढ्यात कुणीतरी...”

इतके महिने ताई समजत होत्या की ही भीती त्यांची एकटीची आहे, चुकणाऱ्याची. ज्याच्यावर ती चूक कोसळली तो सुटला असेल, निदान भीतीतून तरी, असं त्यांनी धरलं होतं. आणि तो तिकडे खांबाखाली मान वर करून उभा होता, नेमकी तीच भीती कानाला लावून.

“उंटा,” त्या म्हणाल्या. आवाज थरथरला, त्यांनी थरथरू दिला. “कुठे उभा आहेस?”

“खांबापासून लांब. झाडाखाली.”

“ते दोघं?”

“टेम्पोत बसलेत. एक पाणी पितोय.”

“त्यांच्यापर्यंत जा. दोघांच्या खांद्यावर हात ठेव. नुसतं बघू... नुसतं बघून चालायचं नाही. हात लाव.”

पावलांचा आवाज. गवत. दूरवर कुणीतरी काहीतरी बोललं.

“ठेवला.”

“दोघांच्या?”

“दोघांच्या. हसतायत माझ्याकडे बघून.”

“हसू दे. आता वर बघ. काय आहे?”

“काही नाही.” श्वास. “एक पक्षी बसलाय तारेवर.”

“दोन्ही पाय एकाच तारेवर?”

“हो.”

“मग त्याला काही होत नाही.”

“माहीत आहे गं मला,” उंट म्हणाला, आणि एवढं बोलताना त्याचा आवाज जरा ओला, जरा नेहमीसारखा झाला.

ताईंनी घाई केली नाही. खुर्चीची पाठ धरून साहेब फोनच्या जाळीकडे बघत होते, जणू तिच्यातून माणूस बाहेर येणार होता.

“ताई...” उंट म्हणाला. “तुम्ही... लाइन चालू करा.”

“लाइन चालू करते. सगळे खाली. बरोबर?”

“बरोबर. करा तुम्ही.”

ताईंनी रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला आणि उजवी मूठ पाठीमागून पुढे आणली. मूठ उघडेना. बोटं घामाने एकमेकांना चिकटल्यासारखी, सकाळपेक्षाही गच्च. त्यांनी ती तशीच राहू दिली आणि डावा हात पुढे केला. वीतभर अंतरावर तोही थांबला. तीच जागा. भीती रतीभरही कमी झालेली नव्हती. दुपारी कमी होईल, सरावाने कमी होईल, एक दिवस पक्ष्यासारखी उडून जाईल, असं त्यांना आजवर वाटत आलं होतं, आणि आता कळत होतं की ती कुठेही जाणार नाही. ती इथेच राहणार, हँडलच्या अलीकडे, रोज, वीतभर जागा अडवून. तिला ओलांडून जायचं नव्हतं. तिला बरोबर घेऊन जायचं होतं.

हात हँडलवर टेकला. गार होतं.

त्यांनी ते फिरवलं.

आवारात ब्रेकर बसल्याचा धाडकन आवाज आला, लोखंडी झाकण पडावं तसा. हिरवा दिवा गेला, लाल लागला. काटा थरथरत वर चढला आणि स्थिरावला. टेबलावर आडव्या ठेवलेल्या रिसीव्हरमध्ये काहीच नव्हतं. ना वारा, ना श्वास.

“उंटा?”

काही नाही.

“उंटा!”

खरखर झाली.

“ताई, फोन हातातून पडला होता. घाम आलाय नुसता.” मागे कुणीतरी मोठ्याने हसत होतं. एकाचं हसू थांबलं की दुसऱ्याचं सुरू होत होतं. दोघंही होते. “लाइन आली. पलीकडच्या दुकानातला पंखा फिरतोय.” मग थोडं थांबून, अगदी हळू, “ताई, जेवलात का?”

ताईंनी हँडलवरच्या हाताकडे पाहिलं. हँडल तीन बोटांनी धरलेलं होतं. शेवटची दोन तळहातात मिटलेली होती. केव्हा मिटली, ते त्यांना आठवेना. त्यांनी ती तशीच राहू दिली आणि उजव्या हाताने रिसीव्हर उचलून पुन्हा कानाला लावला.

“अजून नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही?”